कोडं रचणारा संगणक

कशेळे-कर्जतच्या बुद्धिबळवेड्यांसाठी! तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळातल्या डावांच्या कोड्यांचं संस्कृतवरून केलेलं इंग्रजी पुस्तक 1814 मध्येच मुंबईत छापलं गेलं होतं. म्हणजे हा नाद आपल्याकडे जुनाच.

संगणक आधी कोडी सोडवायला शिकला. 1951 मध्ये मँचेस्टरला डीट्रिश प्रिन्झ यांच्या प्रोग्रामने दोन खेळींतली मात शोधली. रचणं नंतर आलं. मलेशियाच्या अझलान इक्बाल यांचा 'चेस्थेटिका' हा प्रोग्राम माणसाच्या मदतीशिवाय तीन खेळींत मात करायची कोडी रचतो. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची कोडी मात्र लोकांनी खेळलेल्या डावांतून संगणकाने वेचलेली असतात. ती रचना नव्हे, निवड!

रचण्यात अवघड काय? पट मांडा. पांढरा राजा एफ6 वर, हत्ती ए1 वर. काळा राजा एच8 वर. पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात. राजा एफ7 वर नेला की काळा राजा एच7 वर जाणारच, मग हत्ती एच1 वर, मात. पण राजा जी6 वर नेला तरी काळा जी8 वर आणि हत्ती ए8 वर, मात! पहिल्या खेळीची दोन उत्तरं, म्हणजे कोडं बाद. अशी खोट संगणक क्षणात पकडतो. सौंदर्य ओळखण्यात मात्र तो अजून कच्चाच, असं माझं मत.

आता तुमची पाळी. एकच काळं प्यादं ठेवून हे कोडं दुरुस्त करा, एकच उत्तर उरलं पाहिजे. कुठल्या घरात ठेवलंत ते कमेंटमध्ये लिहा.