निजामाच्या दारातून परत, घराघरांत मुक्काम

लातूरच्या गंजगोलाईतली आडत घ्या नाहीतर नांदेडचा एखादा जुना वाडा. तसबिरीतली लक्ष्मी बहुधा एकाच थाटात भेटते. कमळावर उभी, चार हात, काठापदराची साडी आणि बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. लक्ष्मी पुराणातली खरी, पण तिचा हा थाट राजा रविवर्मांचा, आणि तो घरोघर पोचवला त्यांच्या छापखान्याने.

रविवर्मा 29 एप्रिल 1848 रोजी केरळातल्या किळिमानूरला जन्मले. तैलरंगांत हात बसला तशी संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीरावांनी पुराणप्रसंगांवरची 14 चित्रे करून घेतली आणि ती पाहायला मुंबईत गर्दी लोटली. पण राजवाड्यातले चित्र राजवाड्यातच राहणार. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, असे बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी सुचवले होतेच. रविवर्मांनी छापखानाच इकडे आणला. 1894 मध्ये मुंबईत जर्मन यंत्रे आली, जर्मन कारागीर आले. पुढे प्लेगच्या धास्तीत गाशा गुंडाळून कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

तिथले काम मोठे किचकट. बव्हेरियाच्या खाणीतली चुनखडीची गुळगुळीत शिळा घ्यायची आणि तिच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढायचे. मग शिळा ओली करायची. तेलकट रेघ पाणी धरत नाही, ओला दगड शाई धरत नाही. म्हणून रूळ फिरवला की शाई रेघेपुरतीच बसते. हे झाले एका रंगाचे. लक्ष्मीच्या एका चित्राला असे डझनभर किंवा त्याहून जास्त रंग, आणि दर रंगाला वेगळी शिळा. तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखाली जायचा. सुतभर सरकला तरी ओठांचा लाल हनुवटीवर! शेवटी वॉर्निशचा हात दिला की तैलचित्राची झाक येई. काम संपल्यावर शिळा घासून कोरी करायची, दुसऱ्या देवासाठी. मूळ चित्रातली सावली कोणत्या रंगात किती ठिपक्यांनी उतरवायची हे ठरवणारे कारागीर मात्र चित्राखाली कुठेच नाहीत. नाव एकट्या रविवर्मांचे.

धंदा म्हणून छापखाना त्यांना पेलला नाही. कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. छपाई पुढेही जोरात चालली. दादासाहेब फाळके काही काळ तिथेच कामाला होते.

आपल्या मुलखाशी या गोष्टीचा धागा हैदराबादेत जुळतो. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. 1902 साली रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराज वर्मा हैदराबादला छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्याकडे उतरले. निजामाचे चित्र काढायला मिळेल या आशेवर ताटकळले आणि काम न मिळताच परतले. दरबाराने ज्यांना दाद दिली नाही, त्यांचीच लक्ष्मी त्याच राज्यातल्या गल्ल्यांवर जाऊन बसली. हा सूड नव्हे, बाजाराचा न्याय.

जाणकारांनी या चित्रांना कॅलेंडरछाप म्हणून नाके मुरडली. ते अर्धे खरे आहे. सगळ्या देव्या एकजात गोऱ्या आणि दागिन्यांनी मढलेल्या. पण ज्याला देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याच्याही भिंतीवर देव आला, हे श्रेय मला त्याहून मोठे वाटते. आणि लोकांनी ती चित्रे नुसती टांगली नाहीत. छापील देवीला जर, टिकल्या, मणी लावून सजवलेही.

1906 मध्ये रविवर्मा गेले. 1972 मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला आणि बरेचसे भस्म झाले. उरले ते लोकांच्या घरांत. तेव्हा वाडा पाडताना जुनी तसबीर भंगारात टाकण्याआधी चित्राखालचा समास वाचा. त्यावर रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असे इंग्रजीत छापलेले दिसले, तर नव्या चौकटीसाठी तो समास कापू नका आणि ओल्या फडक्याने चित्र पुसू नका.