दवाखाना मळ्यापर्यंत यावयास हवा

साथीचा रोग सुरू झाला म्हणजे शहरातील पुष्कळ माणसे दार लावून घरात बसू शकतात. शेतकऱ्यास तसे बसता येत नाही. जमिनीचा वापसा साथ ओसरण्याची वाट पाहत नाही, काढणीस आलेले पीक शेतात तसेच उभे ठेवता येत नाही, आणि दावणीच्या गाईची धार दिवसातून दोन वेळा काढावीच लागते. उलटपक्षी, मोठी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ डॉक्टर हे सारे शहरात एकवटलेले असतात. शेत आणि रुग्णालय ह्यांमधील हे अंतर कसे कमी करावयाचे, हा प्रश्न पुणे शहर व त्याच्या भोवतालच्या गावांपुढे गेल्या सव्वाशे वर्षांत वारंवार उभा राहिला आहे. त्या अनुभवातून ग्रामीण कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बंधु-भगिनींनी काय घ्यावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ससाणे मळ्यातील दवाखाना

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आली आणि काही महिन्यांतच ती पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये तत्कालीन सरकारने साथरोग कायदा केला. मार्च महिन्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड ह्यांच्या देखरेखीखाली पुण्यात गोरे सैनिक घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी हुडकून त्यास रुग्णालयात न्यावे आणि त्याच्या सहवासातील माणसांना छावणीत निराळे ठेवावे, हा त्यामागील उद्देश होता. परंतु ज्या रीतीने हे काम झाले, तिच्यामुळे लोकांच्या मनात रोगापेक्षा तपासणीचेच भय अधिक बसले. रोगी लपविले जाऊ लागले. कित्येक कुटुंबे शहर सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. उपचाराची सोय जवळ असली तरी विश्वास नसेल तर मनुष्य तिच्याकडे वळत नाही, हा त्या दिवसांचा पहिला धडा होय.

दुसरा धडा ह्याच साथीत, शहराबाहेर हडपसरनजीक मिळाला. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे महात्मा जोतीराव फुले १८९० मध्ये निवर्तले होते. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत ह्यांच्या साहाय्याने ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढवा गावच्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. ह्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दवाखाना गावाजवळ होता, तो चालविणारी माणसे लोकांच्या विश्वासातील होती, आणि ज्यास चालवत नव्हते त्यास उचलून आणण्याची सिद्धता होती. जवळीक, विश्वास आणि वाहन ह्या तीन गोष्टींची आजही तितकीच आवश्यकता आहे.

१९१८ : एकाच वेळी आजार आणि दुष्काळ

१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात पसरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. ह्या रोगाने म्हाताऱ्याकोताऱ्यांप्रमाणेच ऐन उमेदीतील कर्त्या स्त्री-पुरुषांनाही गाठले. जे हात पीक काढणार आणि रब्बीची पेरणी करणार, तेच अंथरुणास खिळले. हिंदुस्थानात ह्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. शेतकऱ्याचे आजारपण ही केवळ त्याच्या घराची बाब नसून गावाच्या अन्नाची बाब आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

२०२० : शहरापासून गावाकडे

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यात आढळले व त्यांच्यावर नायडू रुग्णालयात उपचार झाले. १८९७ चा साथरोग कायदाच त्याच महिन्यात राज्यात पुन्हा लागू करण्यात आला. एप्रिलमध्ये गुलटेकडीचा बाजार बंद ठेवावा लागला, तेव्हा शेतकरी गटांनी भाजीपाला थेट शहरातील गृहसंकुलांच्या दारी पोहोचविला. शेतकऱ्याचा माल शहराच्या दारापर्यंत पोहोचला; शहरातील उपचार शेतकऱ्याच्या दारापर्यंत तितक्या तत्परतेने पोहोचू शकले नाहीत.

शहराने आपली शक्ती वाढविली, ह्यात संशय नाही. १८६७ पासून चालू असलेल्या ससून रुग्णालयावर मोठा भार पडला. ऑगस्ट २०२० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर सुमारे ८०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारण्यात आले. तथापि २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट खेड्यांत शिरली, तेव्हा खाटा व प्राणवायू ह्यांची टंचाई शहरातच भासू लागली होती. हे दिवस जुन्नर, आंबेगाव, खेड ह्या भागांत उन्हाळी कांद्याच्या काढणीचे असतात. अंगात ताप असताही ‘एवढे वावर आटोपू, मग पाहू’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचे जे चार दिवस जात, तेच पुष्कळदा निर्णायक ठरत.

अंतर केवळ कोसांचे नव्हे

रुग्णालय आपल्यापासून किती कोसांवर आहे, एवढ्यावरून त्याची जवळीक ठरत नाही. हडपसरचेच उदाहरण घ्यावे. ज्या परिसरात सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली, त्याच परिसरात १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेथे तयार झालेली कोव्हिशील्ड लस जानेवारी २०२१ पासून देशभर टोचली जाऊ लागली. लस इतकी जवळ तयार होत असूनही, मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वर्षे वयाच्या माणसास ती मिळण्यासाठी मोबाईलवर आगाऊ नोंदणी करावी लागे. ज्यांच्याकडे वेगवान जोडणी होती अशा शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरील वेळा राखून ठेवल्या व ते मोटारीने तेथे जाऊन लस घेऊन आले. केंद्राशेजारचा शेतकरी मात्र तसाच राहिला. जून २०२१ मध्ये पूर्वनोंदणीची अट शिथिल झाली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

पैशाचे अंतरही असेच आहे. उपचाराच्या खर्चाच्या धास्तीने रुग्ण घरी राहतो, आणि अखेर आजार बळावल्यावर जनावर विकून किंवा सावकाराकडून कर्ज काढून खर्च करावा लागतो. वस्तुतः महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मे २०२० मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांस खुला करण्यात आला, आणि २०२३ च्या निर्णयाने उपचाराची मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली. परंतु योजना अंगीकृत रुग्णालयांतच लागू होते, आणि कोणते रुग्णालय अंगीकृत आहे हे रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच होय.

आजारपणातही सावड

सर्वांत दुर्लक्षित अंतर आहे ते शेतातील कामाचे. ‘मी दवाखान्यात पडलो तर जनावरांना वैरण कोण घालील? पाण्याची पाळी कोण धरील?’ ह्या प्रश्नास उत्तर मिळाल्यावाचून शेतकरी घर सोडावयास तयार होत नाही. आरोग्य खात्याची कितीही चांगली व्यवस्था ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणार नाही. ते गावानेच द्यावयाचे आहे, आणि त्याची रीत आपल्या गावांना परकी नाही. सावड आणि इर्जिक ह्या प्रथांनी आपल्या पूर्वजांनी एकमेकांची नांगरट, पेरणी व काढणी पार पाडली. तीच प्रथा आजारपणात चालविली, तर शेतकरी पहिल्याच दिवशी तपासणीस जाईल. आणि पहिल्या दिवशी जो जाईल तो बहुधा बरा होऊन परत येईल.

गावाने एकत्र येऊन काय साधते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने २०२१ मध्ये दाखविले. पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी पथके नेमून रुग्णांचा शोध घेतला, त्यांना निराळे ठेवून वेळीच उपचार करविले, आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केले. पुढे राज्य शासनाने कोरोनामुक्त गावांची स्पर्धाच जाहीर केली.

साथ येण्यापूर्वी करावयाची तयारी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आशा सेविका, अंगणवाडी सेविका व आरोग्य उपकेंद्रातील सेविका ह्यांच्या सहकार्याने पुढील कामे साथ नसतानाच उरकून ठेवावीत.

१. गावातील वृद्ध, गरोदर स्त्रिया, तसेच मधुमेह, रक्तदाब व दम्याचे रुग्ण ह्यांची वस्तीवार यादी करावी. मळ्यात व रानात राहणारी कुटुंबे आणि बाहेरून आलेले ऊसतोड मजूर तीतून सुटू नयेत.

२. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व जवळची अंगीकृत रुग्णालये ह्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावीत. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र योजनेची कागदपत्रे पूर्ण करण्यास मदत करतो, हेही लोकांस सांगावे.

३. शिधापत्रिका, आधारपत्र व आरोग्यकार्ड प्रत्येक कुटुंबाने एका पिशवीत एकत्र ठेवावे.

४. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ती येण्यास विलंब लागेल अशा वाड्यांसाठी गावातील दोन वाहने व त्यांचे चालक आधीच ठरवून ठेवावेत.

५. तापमापक व रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र उपकेंद्रात किंवा आशा सेविकेजवळ चालू स्थितीत असावे. कोरोनासारख्या श्वसनरोगात प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली गेल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. दुसऱ्या रोगाची लक्षणे निराळी असू शकतात. त्याबाबत आरोग्य अधिकाऱ्यांची सूचना प्रमाण मानावी.

६. प्रत्येक वस्तीवर पाच-सहा कुटुंबांचा सावडगट करावा. आजारी घराची धार, वैरण, पाणी व निकडीची काढणी गटाने वाटून घ्यावी. कामास जाणाऱ्याने रुग्णाच्या खोलीत जाऊ नये, आणि काम आटोपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

७. ज्यांना मोबाईलचा सराव नाही त्यांची लसीची व तपासणीची नोंदणी गावातील शिकलेल्या मुलामुलींनी करून द्यावी.

ह्या कामांस मोठा पैसा लागत नाही. आधी विचार करून ठेवावा लागतो. ज्याच्या घरी आजार आहे त्यास दोष न देता धीर द्यावा, हे तर सर्वांत आधी. रोगी लपविण्याची पाळी ज्या गावात कोणावर येत नाही, तेथे साथ लवकर ध्यानात येते आणि लवकर आटोपते. पुढील साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. परंतु पाऊस केव्हा पडेल हे ठाऊक नसतानाही शेतकरी मृगापूर्वी मशागत उरकून ठेवतोच. आरोग्याची मशागतही त्याच दक्षतेने, येत्या हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय मांडून, गावोगाव हाती घेतली जावी.