वरातीमागून आलेल्या सुधारणा

लंडनच्या क्लार्कनवेल ग्रीन या छोट्या चौकात 37अ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. आज तेथे मार्क्स स्मारक ग्रंथालय आहे. 1902-03 साली तेथल्या एका लहानशा खोलीत बसून लेनिन ‘इस्क्रा’, म्हणजे ‘ठिणगी’, या रशियन पत्राचे संपादन करीत असे. ही जागा त्याला हॅरी क्वेल्च या ब्रिटिश समाजवाद्याने मिळवून दिली होती. हाच क्वेल्च 1 जुलै 1905 रोजी हायगेटच्या 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू या घरी हजर होता. त्या दिवशी क्वेल्चचे नेते हेन्री हाइंडमन यांच्या हस्ते श्यामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाऊसचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास आले.

रशियन आणि हिंदी क्रांतिकारक असे एकाच शहरात, एकाच मित्रमंडळाच्या आधाराने वावरत होते. आपल्या माणसांचे डोळे तेव्हा रशियाकडे का लागले होते, हे समजून घ्यायचे तर झारांची कहाणी थोडी मागून पाहावी लागते.

मुक्ती मिळाली, पण हप्त्यांनी

झारांनी सुधारणा केल्याच नाहीत, असा एक समज आहे. तो खरा नाही. दुसरा अलेक्झांडर 1855 साली गादीवर आला तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू होते. इंग्लंड-फ्रान्सपुढे रशियाला हार खावी लागली आणि भूदासांच्या जिवावर चालणारे राज्य आतून पोखरलेले आहे, हे झारला कळून चुकले. गुलामी खालून मोडली जाण्याआधी आपणच ती वरून मोडावी, असे त्याने मॉस्कोच्या सरदारांना 1856 सालीच बजावले. 1861 साली खाजगी जमीनदारांकडच्या दोन कोटींहून अधिक भूदासांची मुक्तता झाली.

पण खोच पुढेच होती. शेतकरी सुटला, जमीन मात्र फुकट मिळाली नाही. सरकारने जमीनदारांना भरपाई दिली आणि ती शेतकऱ्यांकडून 49 वर्षांच्या हप्त्यांनी व्याजासह वसूल करावयाचे ठरविले. एकाने हप्ता चुकविला तर जबाबदारी साऱ्या गावावर. आपल्याकडे 1875 साली पुणे-नगर भागातले शेतकरी सुप्याच्या बाजारात सावकारांची कर्जखते जाळावयास निघाले होते. कागदावर स्वतंत्र असलेल्या कुणब्याला कर्ज कसे बांधून ठेवते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

या साऱ्याचा एक साक्षीदार लंडनमध्येच होता. अलेक्झांडर हर्झेन या रशियन लेखकाने 1853 साली येथे स्वतंत्र रशियन छापखाना काढला आणि 1857 पासून ‘कोलोकोल’, म्हणजे ‘घंटा’, हे पत्र सुरू केले. ते चोरून रशियात जाई आणि राजवाड्यातही वाचले जाई. मुक्तीच्या बातमीचे हर्झेनने मनापासून स्वागत केले. तपशील कळल्यावर त्याच्याच घंटेचा सूर बदलला.

एका हाताने देणे, दुसऱ्याने घेणे

1864 साली स्थानिक कारभारासाठी निवडलेली मंडळे आली, न्यायालयांत ज्यूरी आली. 1878 साली वेरा झासुलिच या तरुणीने सेंट पीटर्सबर्गच्या गव्हर्नरावर गोळी झाडली. त्याने एका राजकीय कैद्याला फटके मारविले होते. ज्यूरीने तिला निर्दोष सोडले! सरकारने लगेच असे खटले ज्यूरीकडून काढून घेतले. हीच झासुलिच पुढे लंडनमध्ये ‘इस्क्रा’च्या संपादक मंडळात होती.

दुसऱ्या अलेक्झांडरचा शेवट तर एखाद्या शोकांतिकेत शोभावा असा. लोकप्रतिनिधींना कायद्याच्या कामात सल्लागार म्हणून घेण्याच्या योजनेला त्याने 1881 च्या मार्चमध्ये ज्या सकाळी संमती दिली, त्याच दिवशी बाँबने त्याचा बळी घेतला. त्याचा मुलगा तिसरा अलेक्झांडर याने ती योजना गुंडाळून ठेवली. दरबारात झारीतल्या शुक्राचार्यांची वाण नव्हतीच. 1887 साली या झारच्या खुनाच्या कटाबद्दल अलेक्झांडर उल्यानोव्ह या विद्यार्थ्याला फाशी झाली. लेनिनचा हा थोरला भाऊ.

1894 साली आलेला दुसरा निकोलस बापाच्याच वाटेने गेला. जपानशी युद्धात नामुष्की झाली. जानेवारी 1905 मध्ये गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर त्याच्या राजधानीत गोळीबार झाला. देशभर संप पेटले, तेव्हा कुठे ऑक्टोबरात त्याने ड्यूमाचे, म्हणजे निवडलेल्या विधिमंडळाचे, वचन दिले. पहिली ड्यूमा 1906 साली भरली आणि तीन महिन्यांच्या आत मोडली. दुसरी 1907 च्या जूनमध्ये मोडून मतदानाचा कायदाच बदलून टाकला. शेतकऱ्यांचे ते हप्ते 1907 पासून बंद झाले खरे. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार.

दुसऱ्या ड्यूमाच्या त्या शेवटच्या दिवसांतच लंडनच्या साउथगेट रोडवरील एका चर्चमध्ये रशियन समाजवाद्यांची परिषद भरली होती. लेनिन, ट्रॉट्स्की, स्टॅलिन, गॉर्की, रोझा लक्झेंबर्ग अशी सारी मंडळी तेथे होती. रशियात उघड बोलण्याची सोय राहिली नाही, की बोलणारे असे परदेशी चर्च शोधतात.

पारनेरचा तरुण आणि केसरीचा अग्रलेख

या वाटेवर आपली माणसे भेटतात ती येथे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकावयास आले होते. ब्रिटिश राज्यावर कडक भाषण केल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसला बंगालच्या हेमचंद्र दासांसह त्यांनी रशियन निर्वासितांकडून बाँबची विद्या मिळविली. मुळशीचे सेनापती बापट ते हेच.

30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मेल्या. टिळकांनी ‘केसरी’त लिहिले ते खुनाच्या कौतुकासाठी नव्हे. नुसत्या दडपशाहीने हे थांबणार नाही, असे त्यांचे सांगणे होते आणि त्यात रशियाचा दाखलाही होता. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा एका अग्रलेखाचा मथळाच होता. सरकारने सहा वर्षांची शिक्षा देऊन त्याला उत्तर दिले. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये लेनिनने आपल्या लेखात या संपाची आवर्जून नोंद घेतली.

दारे बंद करणारे

महायुद्धाने झारशाहीचा निकाल लावला. मार्च 1917 मध्ये पेट्रोग्राडच्या स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, सैन्य त्यांना मिळाले आणि निकोलसने राज्यत्याग केला. ब्रिटिश सरकारने त्याला आसरा देऊ केला होता. पण खुद्द पाचव्या जॉर्जने, त्याच्या मावसभावाने, तो परत घ्यावयास लावला. जुलै 1918 मध्ये बायको आणि पाच मुलांसह निकोलसला गोळ्या घातल्या गेल्या. सत्ता हाती आल्यावर लेनिननेही जानेवारी 1918 मध्ये निवडून आलेली घटनासभा एका दिवसात मोडली. ड्यूमा मोडणारा झार आणि घटनासभा मोडणारे क्रांतिकारक, दोघांनीही लोकांच्या तोंडावरच दार लावले. त्याची किंमत रशियन माणसाने पुढे कित्येक वर्षे मोजली.

त्याच 1918 च्या ऑक्टोबरात टिळक लंडनला आले. मेडा व्हेलमधल्या 10, हाउली प्लेस या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. ते येथे असताना भारतात एकीकडे माँटेग्यूच्या सुधारणांची चर्चा होती आणि दुसरीकडे 1919 च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली. झारांचाच कित्ता! तरीही टिळक संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावयास गेले. मिळेल ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, ही त्यांची रीत होती. उघडे राहिलेले दार लहान असले तरी ते त्यांनी स्वतःहून लावले नाही.

क्लार्कनवेल, हायगेट आणि मेडा व्हेल ही तिन्ही ठिकाणे एका रविवारात पाहून होतात. मुलांना घेऊन जरूर जावे. राजवाडा आणि मेणाचे पुतळे त्यांनी पाहिलेलेच असतात. मागणे वेळेवर ऐकले नाही तर काय होते, ते या तीन घरांकडे बोट दाखवून सांगता येईल.