दुरून बंड साजरे!

मैत्रिणींनो, गरिबीवरचा सिनेमा बघताना आपण रडतो. पण नेमक्या कुणाच्या गरिबीवर रडतो, हे कधी तपासून पाहिलंत का?

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी १८६२ साली आली. तिच्यावर पुढे संगीत नाटक झालं आणि २०१२ साली त्याचा इंग्रजी चित्रपटही झाला. त्यात साधं बोलणं जवळजवळ नाहीच, सगळं गाण्यातून. बहिणीची उपाशी पोरं बघवेनात म्हणून एक माणूस पाव चोरतो. त्या पावापायी आणि मग तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नांपायी त्याची १९ वर्षं तुरुंगात जातात. फॅन्टिन नावाची एक आई आहे. लग्नाआधी मूल झालंय हे कळताच तिला कारखान्यातून काढून टाकतात. लेकीसाठी पैसे पाठवायचे म्हणून ती आधी केस विकते, मग दातही विकते. शेवटी १८३२ च्या जूनमध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यात खुर्च्या-टेबलं रचून सरकारशी लढतात आणि मारले जातात. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरचं रक्त धुवायला पुढे कोण येतं? बायकाच! हा प्रसंग कुठल्याही गृहिणीला हलवल्याशिवाय राहणार नाही.

आपल्याकडेही ही गोष्ट पूर्वीच येऊन गेली आहे. सोहराब मोदींनी १९५५ साली याच कथेवर ‘कुंदन’ काढला. निम्मी आणि सुनील दत्त त्यात होते. कितीतरी आज्या-आत्यांनी तेव्हा पदर ओला केला असेल.

म्हणजे परक्या देशातली, दोनशे वर्षांपूर्वीची गरिबी आपल्याला कळते. तिथल्या बंडखोर पोरांच्या बाजूनं आपण मनातल्या मनात उभ्या राहतो. मग आपल्याच महाराष्ट्रातल्या, आपल्याच भाषेत गाणाऱ्या बंडखोरांचं काय?

गाण्यांनी भरलेला एक मराठी मुलखाचा चित्रपट

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ साली पूर्ण झाला. म्हटलं तर हा माहितीपट. त्यात नट-नट्या नाहीत, रचलेली कथा नाही. पण तीन तासांहून मोठ्या या चित्रपटाचा जीव गाण्यांत आहे. पोवाडे, भीमगीतं, वस्तीतल्या रात्रीच्या कार्यक्रमातली गाणी, डफ आणि ढोलकी. तो करायला पटवर्धनांना चौदा वर्षं लागली. आपलं लेकरू पाळण्यातून नववीत जाईल एवढा काळ!

चित्रपटाची सुरुवात ज्या घटनेतून झाली ती ऐका. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले, तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमानं गोळ्या सुटल्या, त्याला २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

या गोळीबारानंतर चारच दिवसांनी विलास घोगरे या शाहिरानं आपल्या झोपडीत गळफास घेतला. झोपडपट्टीचं दुःख गाणारा हा माणूस. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटातही तो गायला होता. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायला, पण जाताना कपाळाला निळी पट्टी बांधून गेला. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ हे दोन शब्द एका नावात का आले, ते इथे कळतं. भाकरीचा प्रश्न मोठा की मानाचा? चित्रपट पाहताना वाटतं, ज्याला दोन्ही मिळत नाहीत त्याला हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही.

ही परंपरा काही नवी नव्हे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हापासून मराठी शाहिरी गिरणगावात आणि खेड्यापाड्यात जागी आहे. वामनदादा कर्डकांची गाणी तर गावोगाव पोचली. आपण ती ऐकली आहेत, फक्त लांबून. चौदा एप्रिलला दुसऱ्या गल्लीतून आवाज येतो, आपण म्हणतो, “किती मोठ्यानं लावलंय!” आणि खिडकी ओढून घेतो. शब्दांकडे लक्ष जातच नाही.

आया काय म्हणतात?

या चित्रपटात मला सर्वांत जवळच्या वाटल्या त्या बायका. खैरलांजीच्या सुरेखा भोतमांगेंची आणि त्यांच्या मुलांची कहाणी त्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी ती माय, तिची शिकणारी लेक आणि दोन मुलगे मारले गेले. लेकीला शिकवणं ही आपल्याकडे किती साधी गोष्ट! त्या घरात तीच गावाच्या डोळ्यांत खुपत होती.

आणि मग भेटते पुण्याच्या कबीर कला मंचची शीतल साठे. काय तो खणखणीत आवाज! या मुलामुलींवर नक्षलवादी असल्याचा आरोप झाला, ती भूमिगत झाली, आणि कॅमेरा शीतलच्या आईपुढे जाऊन बसला. पोरगी घरातून निघून गेलेली, आई मात्र तिथेच. आपल्यातल्या कुणाचंही लेकरू उशिरा घरी आलं तर आपली काय अवस्था होते, ते आठवा आणि मग त्या आईकडे बघा.

पुढची हकीकत चित्रपटानंतरची आहे. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल आणि तिचे पती सचिन माळी यांनी विधान भवनासमोर येऊन अटक करवून घेतली. ती तेव्हा गरोदर होती. जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. सचिनला मात्र २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला. हिशेब तुम्हीच करा. बाळ तोवर साडेतीन वर्षांचं झालेलं असणार.

त्यांची सगळी मतं तुम्हाला पटलीच पाहिजेत असं मी म्हणत नाही. मलाही काही ठिकाणी प्रश्न पडले. पण गाण्याला उत्तर गाण्यानं द्यावं, वादाला वादानं. त्यासाठी एका आईला बाळासह टांगणीला का लावावं?

हे आपल्यापासून किती लांब?

बोरीहून परभणी एसटीनं सहज गाठता येते. तिथे १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना वारला. त्याची आई न्यायालयात गेली, आणि तिच्या अर्जावर उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. १९९७ च्या घाटकोपरची गोष्ट आपल्या जिल्ह्यात पुन्हा घडल्यासारखी वाटते. फक्त या वेळी ती आपल्या दारातली होती, म्हणून बऱ्याच घरांत “कशाला त्या भानगडीत” म्हणून विषय बदलला गेला.

मला वाटतं, सुरुवात स्वयंपाकघरातूनच करावी. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो? आपल्या कपांच्या रांगेत, की खिडकीच्या कोपऱ्यात पालथा? वर्गात खिचडी वाढताना कोण कुणाशेजारी बसतं, हे शाळेतल्या बाई म्हणून मी रोज बघते. मुलं हे पुस्तकातून शिकत नाहीत. तो कप बघून शिकतात.

आणि गाणं काही आपल्याला परकं नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर जन्मभर ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या, माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जातं तेच, दळण तेच, दमलेले हातही तेच. मग त्यांची ओवी ‘त्यांची’ आणि आपली ‘आपली’ कशी?

एखाद्या रविवारी दुपारची कामं उरकली की ‘जय भीम कॉम्रेड’ जरूर बघा. लांब आहे, दोन दिवसांत बघा. जमलं तर मोठ्या मुलामुलींना शेजारी घ्या आणि यजमानांनाही बसवा. मध्ये कुणी काही विचारलं तर थांबवून बोला. आणि पुढच्या चौदा एप्रिलला पलीकडून गाणं ऐकू आलं, तर खिडकी जराशी उघडी राहू द्या. शब्द आपल्याच भाषेतले आहेत, सहज कळतील.