चाळकेवाडीचा सरडा कोणत्या घराण्यातला?

शिरवळपाशी नीरा ओलांडून सातारा गाठला आणि तिथून पश्चिमेला चढत गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. उघडा कातळ, खुरटे गवत आणि पवनचक्क्यांच्या रांगा. पावसाळ्यापूर्वीच्या विणीच्या दिवसांत इथल्या दगडांवर नर सरडे छाती उचलून बसतात आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडझाप करतात. १८२९ साली निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिएने या सरड्यांच्या प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) सिताना हे नाव रूढ केले. त्यात जर्डनने १८७० मध्ये दख्खनी जात वेगळी सांगितली. तरी नंतरच्या मोठ्या ग्रंथांनी पंखेवाले सगळे सरडे पाँडिचेरीवरून नाव मिळालेल्या एकाच जातीत कोंबले. सगळ्यांच्या मागच्या पायाला चारच बोटे, मग वेगळे कशाला मानायचे, असा तो हिशेब होता.

हा हिशेब २०१६ मध्ये मोडला. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी जनुकांचे क्रम व शरीराची मापे एकत्र ठेवली. भडक, मोठ्या पंख्याचे सरडे वंशवृक्षाच्या एका फांदीवर आले, बहुतेक फिक्या पंख्याचे दुसऱ्या. पहिल्यांसाठी ‘सरडा’ हेच नवे प्रजातिनाम ठेवले गेले. त्यात जर्डनची दख्खनी जात आली, शिवाय डार्विनी आणि सुपर्बा या दोन नव्या. यातली सुपर्बा चाळकेवाडीची.

यावर रास्त आक्षेप असा, की शेजारच्या दोन फांद्या एकाच प्रजातीत ठेवल्या असत्या तर काय बिघडले असते? खरे तर काहीच नाही. समुद्रातल्या केल्प या शेवाळाची गोष्ट निराळी होती. लॅमिनेरिया म्हणून एकत्र धरलेल्या जाती एकमेकींच्या सख्ख्या नाहीत, हे जनुकांनी दाखवल्यावर २००६ मध्ये कोंबूसारख्या जाती सॅकरीना या प्रजातीत हलवाव्याच लागल्या. साताऱ्यात तशी सक्ती नव्हती. प्रजातीची रेघ माणसाने सोयीने मारलेली आहे. माझ्या मते इथे महत्त्व प्रजातीला नाही, जातीला आहे. केवळ जनुकांवरून जाती पाडल्या तर प्रत्येक डोंगराला एक जात मिळेल, ही भीतीही खोटी नाही. म्हणूनच रंग, मापे आणि जनुके एकच साक्ष देतात तिथे विभाजन पटते, आणि सुपर्बाची बाजू तशी भक्कम आहे.

फरक व्यवहारात पडतो. देशभर पसरलेला सरडा एका पठारावरून गेला तरी यादीत तो कायम राहतो. मोजक्या पठारांवरचा गेला तर संपला. संशोधक मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये चाळकेवाडीचे निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळे सरडे जास्त. मग तक्रार कसली, असे कुणी विचारेल. पण तिथले सरडे अंगाने हडकुळे निघाले आणि त्यांच्या पंख्याचे रंगही फिके. संख्या वाढली एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे गर्दी पाहून गाव सुखी ठरवणे.

२००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. स्वच्छ वीज हवीच. पण सह्याद्रीच्या माथ्यावर नवे खांब रोवण्याआधी तिथे कोणती जात राहते याची पाहणी सक्तीची करावी, आणि त्या पाहणीत केवळ ‘सरडा’ एवढे लिहून भागवू नये.