नोडसंच
एक्सएमएल पद्धतीने लिहिलेल्या दस्तऐवजातून विशिष्ट प्रश्नाच्या साहाय्याने निवडलेल्या नोडांचा समूह. असा दस्तऐवज वृक्षासारखा मानतात. त्यातील प्रत्येक घटक, गुणविशेष वा मजकूर हा एकेक नोड होय. निवडीसाठी वापरली जाणारी एक्सपाथ ही भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

मुळापासून इष्ट घटकापर्यंतचा मार्ग तिरप्या रेघांनी दर्शवितात व अट चौकटी कंसात लिहितात. घटकांची नावे देवनागरीतही देता येतात. उदा., बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांच्या दस्तऐवजात प्रत्येक तालुक्याखाली त्यातून वा त्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या नद्या नोंदल्या असतील, तर जिल्हा/तालुका[नदी = 'गोदावरी'] ह्या प्रश्नाने गेवराई, माजलगाव व परळी हे उत्तरेकडील तालुके मिळतात.

येथे बरोबर चिन्हाच्या डावीकडे एक नदी नसून नद्यांचा संच असतो. त्यातील एक जरी नोड अटीस उतरला, तरी तुलना सत्य ठरते. ‘!=’ ह्या असमानतेच्या चिन्हासही हाच नियम लागू असल्याने ही दोन चिन्हे परस्परविरोधी राहत नाहीत, आणि नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. माजलगाव तालुक्यात सिंदफणा गोदावरीस मिळते, म्हणून तालुका[नदी!= 'गोदावरी'] ह्या प्रश्नाच्या उत्तरात सिंदफणेमुळे माजलगावही येते. जायकवाडी धरणातून पाणी सोडताना इशाऱ्याची गरज नसलेले तालुके ह्या प्रश्नाने काढले, तर नदीकाठचा तालुकाच यादीतून सुरक्षित म्हणून सुटेल.

ह्यासाठी समानतेची संपूर्ण तुलना ‘नॉट’ ह्या फलनात घालून नाकारावी लागते. तथापि तेवढ्यानेही भागत नाही. परळीच्या नद्या नोंदवायच्या राहून गेल्या असतील, तर तेथील संच रिक्त असतो. रिक्त संचाबाबत दोन्ही चिन्हांची तुलना असत्य ठरते आणि ‘नॉट’मुळे परळी गोदावरीविना असलेल्या तालुक्यांत जाऊन बसते. नदी नसणे व नदीची नोंद नसणे ह्यांतील भेद भाषेला कळत नाही. तो प्रश्नकर्त्यानेच, नदीचा घटक मुळात आहे की नाही हे आधी तपासून, पाळावयाचा असतो.

दोन्ही बाजूंस संच असल्यास मजकूर जुळणारी एक जोडी पुरते. गेवराई व माजलगाव ह्यांचे नदीसंच ह्या अर्थाने समान ठरतात. २००७ मधील दुसऱ्या आवृत्तीत आलेली छेद ही क्रिया मात्र नोडांची ओळख पाहते. गेवराईखालील गोदावरी व माजलगावखालील गोदावरी हे दोन स्वतंत्र नोड असल्यामुळे त्याच दोन संचांचा छेद रिक्त येतो.