फोर्ट ट्रम्बुलची मोकळी जमीन

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, टेम्स नदीच्या मुखाशी न्यू लंडन हे जुने बंदर आहे. १९९६ मध्ये तिथले नौदलाचे संशोधन केंद्र बंद झाले आणि दीड हजारांवर लोकांचे काम गेले. शहराची लोकसंख्या २४ हजारांच्या खाली उतरली, बेकारी राज्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. अशा पडत्या काळात, फेब्रुवारी १९९८ मध्ये, फायझर या औषध कंपनीने फोर्ट ट्रम्बुल वस्तीला लागून ३० कोटी डॉलरचे संशोधन केंद्र उभारण्याचे जाहीर केले. शहराच्या आशा पालवल्या, त्यात नवल नाही.

शहराच्या वतीने एका खासगी, ना-नफा विकास महामंडळाने ९० एकरांचा आराखडा केला : हॉटेल, कार्यालये, ८० नवी घरे, मरीना आणि हजारावर नोकऱ्या. जमीन सक्तीने घेण्याचा आपला अधिकारही शहराने या महामंडळाच्या हाती दिला. बहुतेकांनी घरे विकली, नऊ मालक अडून बसले. त्यांची घरे मोडकळीस आली आहेत असे शहरही म्हणत नव्हते. ती फक्त आराखड्याच्या आड येत होती. सुझेट केलो यांनी पाण्याकडे तोंड असलेले आपले छोटे घर १९९७ मध्येच घेतले होते. शेजारची एक वृद्धा १९१८ साली स्वतःच्या राहत्या घरातच जन्मली होती आणि तिने जन्मभर दुसरे घर पाहिले नव्हते.

हे मालक न्यायालयात गेले. २३ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. जमीन ‘सार्वजनिक वापरा’साठीच घेता येते, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. पण न्यायालयाने त्याचा अर्थ सार्वजनिक हेतू असा फार पूर्वीच रुंद केला होता आणि न्या. स्टीव्हन्स यांनी आर्थिक विकासही त्यात बसवला. या न्यायाने अधिक कर भरू शकणाऱ्यासाठी कोणाचेही घर घेता येईल, असे न्या. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी विरोधी निकालपत्रात बजावले. याची झळ गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना बसेल, असे न्या. थॉमस यांनी लिहिले. त्यांच्यापुढे वॉशिंग्टनचा दाखला होता. याच न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने तिथल्या ज्या वस्तीवर नांगर फिरला, तिच्यातले ९७ टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते.

मला मात्र या खटल्यातली दुसरी, कमी बोलली गेलेली मागणी अधिक मोलाची वाटते. घरे घ्यायचीच असतील तर ठरलेला फायदा पदरात पडेल याची वाजवी खात्री तरी मागा, असे मालकांचे म्हणणे होते. न्यायालयाने तेही नाकारले. आराखडा शहाणपणाचा आहे की नाही हे तोलणे आपले काम नव्हे, अशी त्याची भूमिका. म्हणजे घर देणे मालकावर बंधनकारक आणि हॉटेल बांधणे कोणावरच नाही. एका बाजूची सक्ती आणि दुसऱ्या बाजूची नुसती उमेद यांचा हा सौदा होता, आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

पुढचे सांगायला फार शब्द लागत नाहीत. केलो यांचे घर सुटे करून शहराच्या दुसऱ्या भागात पुन्हा उभारले गेले. बाकीची घरे पाडली. हॉटेल झाले नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फायझरनेच न्यू लंडन सोडत असल्याचे जाहीर केले. घेतलेली जमीन वर्षानुवर्षे तणाखाली पडून राहिली. २०११ च्या वादळानंतर शहराने तिथे पडझडीचा पालापाचोळा टाकण्याची सोय केली. निकालाने खवळलेल्या ४० हून अधिक राज्यांनी आपापले कायदे बदलले, तरी त्यांतले बरेच बदल वरवरचेच होते.

आपल्याकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. शिवाय कलम १०१ आहे. घेतलेली जमीन पाच वर्षे वापराविना राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमिपेढीला परत द्यायची. न्यू लंडनमध्ये नेमके हेच हवे होते. पण त्यातला ‘किंवा’ खटकतो. भूमिपेढी सरकारचीच, तिथे गेलेली जमीन मालकाच्या हाती परत येत नाही. तो ‘किंवा’ कायद्यातून काढायला हवा.